तुरटीचं पाणी

"योनीत खाज सुटल्यावर घरी काय काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढत विचारलं.

"सासूबाई धुवायला तुरटीचं पाणी द्यायच्या. मग लसणाची पाकळी आत ठेवायला लावली." बाजारातून काय आणलं ते सांगावं, तसं ती सांगत होती.

"लसणाने आतली कातडी भाजलीय. बुरशीचा संसर्ग आहे, औषधाने जाईल. घरचे उपाय बंद."

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना चार शब्द सुनावायचे, असं तिने ठरवलं होतं; पण त्यांना तसं अवघडून बसलेलं बघून तिचा राग ओसरला. तिने नुसती औषधाची चिठ्ठी पुढे केली.

सासूबाईंनी ती उलटसुलट करून बघितली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला पण चालेल का गं हे? मी लग्नापासून तुरटीवरच दिवस काढतेय."