ताईच्या चौकटी

"स्प्रेडशीट नको. तुझ्या त्या भाषेत लिहून दे," ताई म्हणाली आणि तिने लॅपटॉप धाकट्या भावापुढे सरकवला.

एरवी तो हसला असता. याच गोष्टीवरून दोघांची कायम जुंपायची. ताई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती आणि तिचं सगळं जग स्प्रेडशीटच्या चौकटींत मावायचं. हा प्रोग्रामर, तिला चौकटराणी म्हणायचा. ती म्हणायची, "माझं सगळं डोळ्यांसमोर तरी असतं. तुझ्या प्रोग्रामच्या पोटात काय चाललंय ते देवालाच ठाऊक."

आज कुणालाच चेष्टा सुचत नव्हती. शीट बाबांच्या औषधाची होती. रोज बाबांचं वजन घ्यायचं आणि त्यावरून औषध किती द्यायचं ते शीट सांगायची. बाबांना जाऊन पंधरवडा झाला होता. आजारच तसा होता, असं डॉक्टर म्हणाले होते. ताईला ते पटत नव्हतं.

"शेवटी शेवटी नुसते पेंगत होते रे. माझ्या हातून जास्त तर गेलं नसेल ना?"

"उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस."

"मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. तू मुळापासून मांड. माझ्या शीटमधली नुसती वजनं घे, बाकी कशाला हात लावू नकोस. तुझा प्रोग्राम कुणाची भीड धरत नाही ना?"

"नाही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

काम किरकोळ होतं. ऑफिसात त्याने ते चहा येईस्तोवर उरकलं असतं. इथे हात चालेना. बाबांचं वजन ओळीओळीने उतरत गेलेलं बघून त्याला भडभडून आलं. हे सगळं ताईने एकटीने निभावलं होतं. तो दूरच्या शहरातून नुसते फोन करत राहिला होता.

"झालं का रे?" आतून आवाज आला.

"थांब गं, जरा तपासतोय."

नळ बंद झाला. ताई हात पुसत येऊन त्याच्या मागे उभी राहिली. स्क्रीनवर औषधाचे आकडे शेजारी शेजारी होते, एकीकडे तिच्या शीटचे, दुसरीकडे प्रोग्रामचे. ती बोट लावून एकेक आकडा वाचत गेली, पार शेवटच्या दिवसापर्यंत.

"जुळतंय?" तिने तरीही विचारलं.

"तंतोतंत. चौकटराणी जिंकली. तू चुकलीच नव्हतीस, ताई."

ती त्याच्या शेजारी बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. थोड्या वेळाने ती नाक ओढत म्हणाली, "भूक लागली रे. तूही जेवला नसशील."

ती तोंड धुवायला गेली तेव्हा त्याने प्रोग्राम कायमचा पुसून टाकला. बाबांचं वजन उतरलं तरी औषध आठ दिवसांमागच्याच वजनावर मोजायचं, ही ओळ त्यात त्याने आकडे जुळेनात तेव्हा मागाहून घातली होती.