हवेचा दम

हवा पुन्हा संपली.

वाळू मारायच्या लोखंडी पेटीला बसवलेल्या चामडी हातमोज्यांत मल्लिकार्जुनाचे हात कोपरापर्यंत अडकलेले होते. काचेपलीकडं वाळूचा फवारा जोरात सुटला होता. उसाच्या चरकाच्या ओतीव चाकावरची करडी खपली उडत होती, खालचं लोखंड उजळत होतं. आणि बघता बघता फवारा मलूल झाला. नळीच्या तोंडातून वाळू नुसती ठिबकायला लागली. कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा काटा पार खाली येऊन बसला.

"थांबा जरा," गंगाधरपंत म्हणाले. यंत्रं विकणाऱ्या पेढीचे ते माणूस. "टाकी भरेपर्यंत दम खाऊ द्या त्याला."

सकाळी त्यांनी दोन कॉम्प्रेसर आणले होते. त्यांतला लहान इथं कारखान्यात बसवून, चालवून दाखवला होता. मोठा अजून दारातल्या बैलगाडीवरच होता. यातला एक ठेवायचा, दुसरा परत न्यायचा. बाहेर गाडीवान उन्हात खोळंबला होता. दर थोड्या वेळानं आत डोकावून "काय ठरलं का न्हाई?" विचारत होता.

मल्लिकार्जुनाला थांबवेना. त्यानं हात उपसले, पेटीच्या बाजूचं दार उघडलं आणि आतली धूळ बसायच्या आधीच डोकं आत घालून तारेनं नळीचं तोंड मोकळं केलं. पांढरा लोट त्याच्या तोंडावर आला. त्यानं दार आपटून लावलं, उपरण्यानं तोंड पुसलं आणि ठसका दाबला.

पलीकडं लोखंड कातायच्या लेथवर त्याचा अण्णा, थोरला भाऊ धोंडप्पा, उभा होता. हातातलं काम चालू ठेवून तो मान वळवून बघत होता. तरणेपणी त्यानं उघड्यावर, तोंडाला धोतराचा पदर बांधून वाळू मारली होती. आता जिना चढताना त्याला मधेच बसावं लागे. डॉक्टरांनी धुळीचं काम बंद केलं होतं. लेथ तेवढं राहिलं होतं.

"मग? कोणता ठेवायचा?" गंगाधरपंतांनी विचारलं. "माझं मत विचाराल, तर मोठा. हा लहान दिसायला छान, पण रंग मारायला, नाहीतर सायकलींच्या दुकानात चालेल. वाळूला सारखी हवा लागते."

"लहानच ठिवा," मल्लिकार्जुन म्हणाला.

"अहो, आत्ताच पाहिलंत ना?"

"लहानच बरा. मोठ्याला जागा न्हाय."

जागा होती. चांगली ऐसपैस होती. मल्लिकार्जुन दारापर्यंत गेला, गाडीवरचा तो काळा, बुटका, जाडजूड कॉम्प्रेसर पाहिला आणि परत आला. पुन्हा गेला. एका जागी पायच ठरेना. कारखान्यात ऑइल इंजिन एकच. वरच्या शाफ्टवरून सगळे पट्टे त्याच्यावरच चालायचे. दोन्हींचा भार त्याला पेलणार नाही, मोठा कॉम्प्रेसर चालू असेल तेव्हा लेथ बंद ठेवावं लागेल, हे गंगाधरपंतांनी आल्या आल्या सांगितलं होतं. आणि वाळूचं काम तर आता दिवसभर चालणार होतं. लेथपाशी उभा असला की अण्णा कारखान्याचा मालक होता. घरी बाजेवर निजला की नुसता आजारी माणूस.

"मल्ल्या," धोंडप्पानं हाक मारली. "पेटी कशापायी केलीस तू?"

"आं?"

"धूळ आत ऱ्हावी म्हनूनच की न्हाय? मग दार उघडून तोंड कशाला घालतूस?"

"हवा तुटली की नळी तुंबती, अण्णा. थोडी धूळ जाती नाकात. थोडीच."

"मी बी थोडीच म्हनत हुतो."

एवढं बोलून त्याला थांबावं लागलं. छाती भात्यासारखी वर-खाली झाली. गंगाधरपंत उगाच दुसरीकडं बघायला लागले.

"पन अण्णा, तुमचं लेथ—"

"लेथ काय पळून चाललंय व्हय?"

धोंडप्पानं कोपऱ्यातला बांबू घेतला आणि लेथचा फिरता पट्टा मोकळ्या चाकावर ढकलला. लेथ चार गिरक्या घेऊन मंदावलं. ते पुरतं थांबेपर्यंत त्याचा तळवा त्याच्यावर होता. मग तो दाराशी आला आणि घसा खाकरून ओरडला, "गाडीवान! बैल सोड. यंत्र हितं उतरायचंय."

मोठा कॉम्प्रेसर उतरवायला शेजारच्या वखारीतली माणसं बोलवावी लागली. बोल्टांची भोकं जुळेनात, नवी पाडावी लागली. उन्हं कलली तेव्हा कुठं त्याच्यावर पट्टा चढला. इंजिन एकदा कण्हलं, मग त्यानं लय धरली.

मल्लिकार्जुनानं हात पुन्हा हातमोज्यांत घातले. वाळू सुटली. तो मनात धास्तावून फवारा तुटायची वाट बघत राहिला. चाकाची एक बाजू उजळली, त्यानं चाक फिरवलं, दुसरी बाजू उजळली. काटा थरथरत होता, पण जागा सोडत नव्हता.

"अण्णा, टिकली हवा!" तो ओरडला. त्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार!

गंगाधरपंत धोंडप्पाच्या कानाशी वाकले. "लेथ तर बंद झालं. आता तुम्ही दिवसभर काय करणार?"

धोंडप्पानं एक रिकामं खोकं ओढलं, पेटीच्या बाजूला नेलं आणि तिच्या दाराला पाठ लावून बसला. आत वाळू पत्र्यावर तडतडत होती. तिच्याबरोबर त्याचे खांदे हलत होते.

"राखन," तो म्हणाला.