स्वयंपाकघराचा सिग्नल

गाडी लाल सिग्नलपाशी उभी होती आणि ड्रायव्हर खडीत गाल टेकून पडला होता.

गाडी म्हणजे मांजराएवढं इंजिन आणि मागे तीन डबे. ड्रायव्हर मात्र खराखुरा, एकतीस वर्षं रेल्वेच्या मोठ्या गाड्या चालवून निवृत्त झालेला. घरामागच्या बागेत चार वर्षं खपून त्याने हा रूळ टाकला होता. मातीच्या टेकाडातून बोगदा, हौदावरून पूल आणि पुढे थेट स्वयंपाकघराच्या दारावरून. आत्ता तो त्या टेकाडामागे पडला होता. बोगद्यात ढासळलेली माती काढायला वाकला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उजवं अंगच गेलं. हात हलेना, पाय हलेना. हाक मारायला गेला तर घशातून नुसती घरघर आली. डाव्या हातात गाडीचा रिमोट तेवढा राहिला होता.

बायको घरातच होती, वीस पावलांवर. पण टेकाडामागचं तिला दिसत नव्हतं आणि गेले पाच दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला होता. नवं वळण टाकण्यासाठी त्याने तिचा पुदिन्याचा वाफा उपटला होता. विचारलंसुद्धा नव्हतं.

"जन्मभर सिग्नलचं ऐकलंत," ती म्हणाली होती, "बायकोचं एकदा ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं?" आणि खिडकीजवळची दांडी ओढून तिने सिग्नल लाल केला होता. पुन्हा दारात गाडी दिसली तर उचलून हौदात टाकीन, हेही वर सांगितलं होतं.

ती दांडी त्यानेच बसवून दिली होती. तिचा एक गुडघा बदललेला. बादली घेऊन बाहेर पडताना गाडी पायात आली तर ती तोंडावर आपटायची. म्हणून सिग्नल लाल असला की गाडी अलीकडे थांबणार, असं ठरलं. इंजिन काही आपोआप थांबत नसे, तोच थांबवायचा. लाल म्हणजे लाल. लेक जन्मली त्या दिवशी हा माणूस दवाखान्याजवळच्या स्टेशनाअलीकडे सिग्नलला गाडी घेऊन पाऊण तास उभा होता, पुढचा रूळ मोकळा दिसत असूनही, हे बायको आल्यागेल्याला ऐकवायची. बिचाऱ्याला त्यातही कौतुकच वाटायचं.

या पाच दिवसांत तो रोज गाडी सिग्नलपर्यंत आणायचा आणि दोन शिट्ट्या मारायचा. माफी मागायची त्याची तेवढीच पद्धत होती. तोंडाने 'चुकलो' म्हणणं त्याला कधी जमलंच नाही, आणि आता तर तोंडच उरलं नव्हतं.

त्याने शिट्टीचं बटण दाबलं. दोनदा, चारदा, मग दाबतच राहिला. गाडी केविलवाणी ओरडत राहिली. खिडकी धाडकन बंद झाली.

तेव्हा मात्र त्याला रडू फुटलं. डोळ्यांतलं पाणी एकाच गालावर कळत होतं. त्याच्या गाडीवरचा जुना गार्ड असाच न्हाणीघरात पडला होता. चार तासांनी सापडला. आता तो खुर्चीत बसून असतो आणि पोटच्या मुलाला ओळखत नाही. बायको जेवायला हाक मारणार नव्हती. ताट झाकून ठेवायची आणि आत जाऊन पडायची, पाच दिवस हेच चाललं होतं. संध्याकाळपर्यंत त्याला कोणी शोधणार नव्हतं.

एकच वाट उरली होती. पण गाडी दारात नेऊन तरी काय होणार? तिला तीन रिकामे डबे दिसणार. आधी वाफा, आता सिग्नलही, असंच ती म्हणणार. आणि ती नेमकी त्याच वेळी उंबऱ्याबाहेर पाय टाकत असली तर?

त्याने मान होईल तेवढी वळवून टेकाडाच्या कडेने पाहिलं. सिंकचं पाणी नळीवाटे पुदिन्याच्या वाफ्यात पडायचं. वाफा गेला तरी नळी तिथेच होती. तिच्यातून पाणी वाहत होतं, साबणाचा फेस येत होता. म्हणजे ती भांडी घासत होती. दारात नव्हती.

त्याने अंगठा रिमोटच्या चाकावर ठेवला. डावा अंगठा धडधाकट होता, तरी तो हलेना. एकतीस वर्षांची सवय त्याच अंगठ्यात येऊन बसली होती. समोर लाल दिवा स्वच्छ दिसत होता. ड्रायव्हरने डोळे मिटले आणि चाक फिरवलं.

गाडी लाल दिव्याखालून पुढे गेली. दारातल्या फरशीवर चाकांचा खडखडाट झाला. नळीतलं पाणी थांबलं.

मग बराच वेळ काहीच नाही. हौदात गाडी पडल्याचा आवाज कधी येतो, याची तो वाट पाहत राहिला. तो आवाज आला नाही. दाराची कडी वाजली, आणि बदललेल्या गुडघ्याची ती लंगडी पावलं खडीवरून पळत येऊ लागली. ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती.

"अहो, पत्ता दिला ना तुम्हाला, ॲम्ब्युलन्स निघाली का तेवढं सांगा," ती धापा टाकत म्हणाली. "नाही, मी अजून त्यांना पाहिलेलं नाही. पण आमच्या माणसाने लाल सिग्नल तोडलाय."