बाजारात गेलेली बायको

प्रतिभा बिट्टन मार्केटला भाजी आणायला गेली होती. घरी आमचे चिरंजीव रोहन त्यांनी रचलेला संगणकीय खेळ मला दाखवत होते. त्यातले मराठी संवाद मीच शुद्ध करून दिले होते.

मुख्य मोहिमेबाहेरचे ते एक उपकथानक होते. एक म्हातारा खेळाडूला विनवतो, "बायको बाजारात गेली आहे, तिला घेऊन या."

"एवढी पायपीट खेळाडूने का करावी? त्याला भावनिक कारण हवे," मी हरकत घेतली.

"कारण आहे, बाबा. आगे तो देखिए."

पडद्यावरच्या बाजारात एक बाई पाठमोरी उभी होती. तिच्या खांद्यावर प्रतिभाची ठिगळ लावलेली निळी पिशवी होती.

"मी इथेच राहते," ती म्हणाली. "घरी माझ्यासारखी दुसरी पाठव. त्यांना कळायचं नाही."

हे वाक्य मी तपासलेले नव्हते.

"रोहन, हे कोणी लिहिलं?"

माझ्याकडे न पाहता त्याने 'होकार' दाबला.

दाराची घंटा वाजली. "अहो, उघडता ना?" आवाज प्रतिभाचाच होता.

"उघडा, बाबा," रोहन म्हणाला. "आईच आहे."

कडीवर हात ठेवून मी प्रतिभाचा चेहरा आठवू लागलो. तो आठवेना.