खांदशेकणी

मंदाबाई तूप-हळदीची वाटी आणि पळसाची पानं घेऊन अंगणात आली, आणि तिला खांदा सापडेना.

उद्या पोळा. आज बैलाचा खांदा शेकायचा, त्याला तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. लग्न होऊन वडनेरला आली तेव्हापासून हे काम तिचंच. पण गोठ्यापुढं आज जे उभं होतं, त्याला ना शिंग होतं ना शेपूट. ती स्वप्निलची मोटरसायकल होती. मागचं चाक काढून तिथं जुन्या पेरणीयंत्राची दोन लोखंडी चाकं बसवलेली, सायलेन्सर तारेनं आवळलेला, सीटच्या जागी पोत्याची घडी. फाट्यावरच्या अंकुश वेल्डरला हाताशी घेऊन तिच्या नवऱ्यानं, बंडूजींनी, उन्हाळाभर भंगारातून एकेक तुकडा वेचला होता, आणि पोराच्या गाडीचं तण काढायच्या डवऱ्याचं यंत्र केलं होतं. जू तेवढं घरचं, लाख्या-कबऱ्या या बैलजोडीचं. ते मागं आडवं बांधून त्याला डवरा जोडलेला.

"जू मागं," मंदाबाई म्हणाली, "मंग खांदा कुठी हाये याचा?"

बंडूजी ओट्यावर बसून यंत्राकडं बघत राहिले.

लाख्या-कबऱ्या विकले, तेव्हाच ही गाडी आली होती. पोराला कॉलेजला जायचं होतं, रोज हिंगणघाट गाठायचं होतं. सकाळी दारातून जोडी गेली, संध्याकाळी त्याच दारातून गाडी आली. जाणाऱ्याला कुंकू तिनंच लावलं, येणाऱ्याला तिनंच लावलं. जोडी कुठं दिली हे तिनं विचारलं, तेव्हा बंडूजी म्हणाले होते, चांगल्या घरी गेली. पोरगा गाडीवर बसून शिकला, शिकून पुण्याला गेला. गाडी गोठ्यात राहिली, जोडीच्या जागेवर.

आज सकाळी यंत्र पहिल्यांदा कपाशीच्या पऱ्हाटीत उतरलं होतं. चाललंही बरं. मागं वळून बंडूजी उलटलेलं तण बघत होते, त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. पिकाच्या तासाच्या टोकाला बांधाचा धुरा आला तसे त्यांनी हँडलवरचे हात सैल सोडले, जिभेनं टकटक केलं आणि म्हणाले, "फिर बापा." सगळ्या जन्माची सवय. लाख्या एवढ्यावर वळायचा. गाडी वळली नाही. ती धुरा चढून सरळ शेजारच्या तुरीत घुसली आणि बंद पडली.

तूर पुंडलिकरावांची. ते तिथंच उभे होते.

"बंडूजी, गोऱ्हा बहिरा हाय काय जी तुमचा?"

जवळपासच्या वावरांतली माणसं हसली. बंडूजीही हसले. दोर खांद्यावर घेऊन त्यांनी यंत्र एकट्यानं ओढत धुऱ्याच्या अलीकडं आणलं, तोवर हसतच होते. हात लावायला कोणी आलं नाही. बैलाला ओढणारा माणूस बघायला मात्र सगळे थांबले.

हे मंदाबाईनं भाकर घेऊन जाताना दुरून पाहिलं होतं. घरी येऊन ती डाळ निवडायला बसली. स्वप्निल पोळ्याला येतो म्हणाला होता, संध्याकाळपर्यंत नक्की कळवतो म्हणाला होता, आणि पुरण त्याला सैल लागतं.

दिवे लागायच्या आत फोन वाजला. बंडूजींनी तो तिलाही ऐकू येईल असा मोठा करून ओट्यावर ठेवला. सुट्टी भेटून नाही राह्यली, स्वप्निल सांगत होता. त्याच्या मागं कोणीतरी हसत हसत त्याच्याजवळ हेल्मेट मागत होतं, चला लवकर, ऊन उतरलं, असं म्हणत होतं. गाड्या सुरू होत होत्या. त्यातली एक त्याची नवी असणार.

"अन् बाबा," तो म्हणाला, "ते भंगार इकलं का नाई अजून?"

बंडूजींनी गोठ्याकडं पाहिलं. लोखंडी चाकाला अजून ओली काळी माती चिकटलेली होती.

"इकलं," ते म्हणाले. "चांगल्या घरी गेलं."

फोन बंद झाला. मंदाबाई वाटी घेऊन पुन्हा यंत्रापुढं जाऊन उभी राहिली. टाकीच्या दोन्ही बाजूंना रंग गेला होता. तिथं पोराचे गुडघे घासायचे. तिनं तिथं हात ठेवला. लोखंड गार होतं.

"राहू दे अवं," बंडूजी मागून म्हणाले. "हा काई जेवत नाई."

"जेवणारा कुठी येऊन राह्यला?"

गावातून बैलांच्या गळ्यातल्या घाट्यांचा आवाज येऊ लागला. ज्यांच्या घरी जोड्या होत्या, त्यांच्या जोड्या नाल्यावरून धुऊन परतत होत्या. बंडूजी दिवा लावायला उठले, भिंतीवरच्या बटणाकडं हात नेला आणि अर्ध्यातच तो खाली आला. त्यांनी ओठ आवळले, ते तिला दिसलं.

ती ओट्यावर चढली. त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, तसे ते कळवळले. तिनं बनियन बाजूला सारली. दोर जिथून गेला होता तिथं कातडी सोलून निघाली होती. मानेपासून काखेपर्यंत लाल पट्टा उठला होता, आणि जू जिथं बसतं नेमका तिथं तो सुजला होता.

मंदाबाईनं पळसाचं पान वाटीत बुडवलं आणि त्या पट्ट्यावर हळूहळू फिरवू लागली. अंगणात बघायला कोणी नव्हतं. तरी तिनं पदर डोक्यावर घेतला, दर वर्षी घ्यायची तसा.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवायले या."

बंडूजींची कातडी थरथरली. त्यांनी मान खाली घातली.