ओढ्यापलीकडची वस्ती

आदिवासी परिषदेला स्वतःचा कारभार मिळणार की नाही, हे जमातीतल्याच एका तरुण संशोधिकेच्या कामावर ठरणार होतं. सात वर्षं म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपून तिने जमातीची जुनी हद्द नकाशावर आणली होती. “ओढ्यापलीकडची वस्तीही पूर्वापार तुमचीच ना?” दावा तपासणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षांनी सुनावणीत तिला विचारलं. त्या वस्तीत तिच्या आईचं घर होतं. परिषदेची प्रमुख असलेली आत्या कुजबुजली, “सापडलं तेच सांग. एक खोटं निघालं तर सगळंच जाईल.” “नाही,” ती म्हणाली. “ती वस्ती नंतरची.” स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. दावा मंजूर झाला; ओढ्यापलीकडची वस्ती हद्दीबाहेर राहिली. लोक गळ्यात पडून रडले. तिला काहीच जाणवलं नाही. महिन्याभराने परिषदेच्या खिडकीत बसून ती बाहेरून हद्दीत राहायला येणाऱ्यांचे अर्ज घेत होती. रांगेतून आई आली. “‘हद्दीतले नातेवाईक’ इथे तुझं नाव घालू का गं?” “घाल,” म्हणत तिने पेन पुढे केलं.