पुकारा

"सगुणाबाई गणपत ठोंबरे, हाजीर होऽऽ!"

तालुक्याच्या जुन्या कोर्टात आता हॉटेल निघालंय. टेबल रिकामं झालं की कोर्टाचाच म्हातारा पट्टेवाला, छातीवर तोच लाल पट्टा चढवून, गिऱ्हाइकांचा पुकारा करतो. लोक हसत उठतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि आत जाऊन चुलीवरचं मटण खातात. मुलानं हौसेनं माझं नाव दिलं होतं.

मी व्हरांड्यातल्या बाकावरून उठले नाही. दिरानं बळकावलेल्या घरासाठी मी दावा लावला होता. बावीस वर्षांपूर्वी, तारखेच्या दिवशी, सकाळपासून ह्याच बाकावर बसून होते. दिरानं ह्या पट्टेवाल्याला हाताशी धरलं होतं. ह्यानं माझं नाव ओठांतल्या ओठांत तीनदा पुटपुटलं, आणि मी गैरहजर म्हणून दावा फेटाळला गेला.

"सगुणाबाई ठोंबरेऽऽ!" छपरावरची कबुतरं उडाली.

"आई, उठ ना, टेबल जाईल," मुलगा म्हणाला. सुनेनं धरलेला हात मी झटकला.

तिसरा पुकारा करत तो माझ्यासमोरच येऊन उभा राहिला. "काय बाई, ऐकू येत नाही का? किती ओरडायचं माणसानं?"

"आज येतंय की," मी म्हणाले. "एवढा खणखणीत आवाज माझ्या तारखेला कुठं शेण खायला गेला होता?"

त्यानं वहीत डोकं घातलं. मग त्यानं वहीतलं पुढचं नाव पुकारलं. ते शेजारच्या बाकावरही कुणाला ऐकू गेलं नाही.